रुखवतातलं आभाळ : कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२५, कोजागरी

मुग्धाचं लग्न फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात धरलंय. रुखवताचं काम वहिनींनी माझ्याकडे दिलं. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या नणंदेचा आणखी काय उपयोग, असं त्यांचं मत. मुग्धाच्या अटी मात्र पुष्कळ. थर्माकोलचा बंगला नको, साखरेची तुळस नको, सप्तपदीच्या सुपाऱ्यांना डोळे-नाक काढून बसवायचं नाही. "आत्या, मला भिंतीवर लावता येईल असं एक आभाळ दे."

दूध पिऊन झाल्यावर गच्चीतच बोलणं झालं. कापड म्हणून आईची काळी चंद्रकळा घ्यायची. वर्षानुवर्षं ती ट्रंकेत पडून आहे, काठ फाटलाय, पोत विरलाय. नेसण्याजोगी राहिलेली नाही. कात्री लावायला दादा आधी तयार नव्हता. मग म्हणाला, "ट्रंकेत कसर खाण्यापेक्षा पोरीच्या घरी जाऊ दे." चार फूट रुंद, साडेतीन फूट उंच पट होईल. मागून मांजरपाटाचं अस्तर लावावं लागणार, नाहीतर टाका धरणार नाही.

विषय असा ठरला: जोडीचं, सोबतीचं जे काही आपल्याकडे आभाळातून सांगितलं गेलंय, त्यातलं मुग्धाला पटेल तेवढंच पटावर येईल. न पटलेलंही मी इथे लिहून ठेवणार आहे.

११ ऑक्टोबर

पहाटे निघून कासला गेलो. राजमार्गानं चालत कुमुदिनी तळ्यापाशी पोचलो तेव्हा उन्हं नुकतीच आली होती. हंगाम सरत आलाय, तरी पाण्यावर पांढरे ठिपके भरपूर. पाच पाकळ्या, कडांना झालर, मध्ये पिवळा रंग. मी बसून रेखाटनं केली, सोबत आलेल्या तरुण निनादनं फोटो काढले. झालर काढायला साखळी टाका चालणार नाही, दोरा पिंजून लावावा लागेल.

इथे एक गाठ सोडवायची होती. पटाच्या खालच्या काठाला पाणी आणि कुमुदिनी घ्यायची ती ज्ञानेश्वरीतल्या ओवीसाठी. पहिल्याच अध्यायात आहे:

कां आपुला ठावो न सांडितां ।
आलिंगिजे चंद्रु प्रकटतां ।
हा अनुरागु भोगितां ।
कुमुदिनी जाणे ॥

खरं तर ज्ञानदेव हे श्रोत्यांना सांगताहेत, ग्रंथ कसा ऐकावा ते. पण प्रेमाबद्दल इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ती पाण्यातली जागा सोडत नाही, तो आभाळातली सोडत नाही, आणि तरी भेट होते.

आता कासची कुमुदिनी, वनस्पतीशास्त्रातली नायम्फॉइड्स इंडिका, सकाळी उमलते आणि दुपार कलली की मिटते. चंद्राशी तिचा काही संबंध नाही. कवितेतली कुमुदिनी म्हणजे रात्री फुलणारं पांढरं कमळ, ते निराळ्या कुळातलं. ते संध्याकाळी उघडतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मिटतं. निनाद म्हणाला, मग कासचं फूल काढणं चूक ठरेल. मुग्धाचं म्हणणं वेगळं: रात्रीचं फूलसुद्धा चंद्र पाहून उमलत नाही, अमावास्येलाही उमलतंच. तिला हे फार आवडलेलं दिसलं. परतताना गाडीत दोनदा म्हणाली, "अमावास्येलाही!"

म्हणून कमळ रात्रीचं घेतोय, पाकळ्या लांबट आणि टोकदार. कासची झालरवाली दोन फुलं कोपऱ्यात राहतील, मिटलेली. साताऱ्याचा पट आहे, त्यांचा हक्क आहे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दादाला ओवाळलं. शेजारच्या वहिनींचा भाऊ मस्कतला असतो. त्यांनी अंगणात येऊन आधी चंद्राला ओवाळलं आणि मग व्हिडिओ कॉल लावला. द्वितीयेची कोर नैर्ऋत्येला, फटाक्यांच्या धुरात जेमतेम दिसत होती. मुग्धा बघत होती. आपल्याकडे चंद्र प्रियकर व्हायच्या आधी भाऊ होतो, आणि पोरांचा मामा. मी ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्यांत तर तो नवऱ्यापेक्षा भावाच्याच वाट्याला जास्त यायचा. सासरी आलेल्या बाईला माहेरचं आणि सासरचं सारखंच दिसणारं असं तेवढंच काहीतरी होतं. हे पटावर कसं आणायचं ते अजून सुचलेलं नाही.

अंधार पडल्यावर निनादची दुर्बीण घेऊन साताऱ्याच्या 'चार भिंती' टेकडीवर गेलो. सध्या लेमन नावाचा धूमकेतू आलाय, परवा २१ तारखेला पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता. पश्चिमेला खाली धुरकट डाग दिसला. शेपटी मला दिसली नाही, निनादला दिसली म्हणे. तरुण डोळे. लगेच मुग्धानं कुसुमाग्रजांचं 'पृथ्वीचे प्रेमगीत' म्हणायला घेतलं. १९४२च्या 'विशाखा'तली ही कविता आमच्या घरात दादानं सगळ्यांकडून पाठ करून घेतलेली. त्यात पृथ्वीच्या मागे किती जण! चंद्र तप करतो, धूमकेतू केस पिंजारून आर्जवं करतो, शुक्र पहाटे दारात उभा, मंगळ लाजून लाल, ध्रुव निराश होऊन संन्यासी. आणि ही बाई सगळ्यांना नाही म्हणून सूर्याभोवती फिरत राहते. जवळ गेली तर जळून जाईल हे तिला ठाऊक आहे. दुबळ्यांच्या क्षुद्र शृंगारापेक्षा तिला त्याची दूरता सोसवते.

पटाच्या मधोमध हेच येणार. सूर्य, पृथ्वीची कक्षा, आणि एका कडेनं केस पिंजारलेला धूमकेतू. तो काढायला मला मजा येईल.

६ नोव्हेंबर

काल त्रिपुरी झाली. आज रात्री जेवणं आटोपून गच्चीत. चंद्र कृत्तिकांच्या अगदी लगत होता. उजेड इतका की कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी सापडेनात, दुर्बिणीतून दिसल्या. रोहिणी खाली, बरीच दूर, तांबूस.

रोहिणीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. दक्षाच्या २७ मुली चंद्राला दिल्या, तो एकीपाशीच रमला, बाकीच्यांनी बापाकडे तक्रार केली, दक्षानं क्षयाचा शाप दिला. महाभारतात शल्यपर्वात ही कथा येते आणि प्रभासतीर्थापाशी शापाची धार कमी होते. चंद्र झिजतो आणि भरतो, त्याचं कारण हे. कालिदासाला ही जोडी फार प्रिय. 'शाकुंतला'च्या सातव्या अंकात दुष्यंताला शकुंतला परत भेटते तेव्हा तो म्हणतो, ग्रहण सुटलं आणि रोहिणी पुन्हा चंद्राला मिळाली. इथपर्यंत छान. पण 'विक्रमोर्वशीया'त राणी औशीनरी त्याच रोहिणी-चंद्राला साक्षी ठेवून व्रत करते, आणि व्रत कसलं, तर नवऱ्याचं मन जिच्यावर गेलंय तिच्याशी आपण गोडीनं राहू, याचं! मुग्धा हे ऐकून उठलीच. "बाकीच्या सव्वीस जणींचा पट कोण करणार?"

निनादनं आभाळातला हिशेब सांगितला. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी पाच अंशांनी कललेली असते, आणि हा कल साडेअठरा वर्षांत एक फेरा घेतो. म्हणून काही वर्षं चंद्र दर महिन्याला रोहिणीला झाकतो, २०१५ ते २०१८ मध्ये झाकत होता. मग तो वरून जायला लागतो. सध्याची काही वर्षं त्याची वाट कृत्तिकांवरून जाते. म्हणजे ज्यांनी तक्रार केली, त्यांच्याकडे पाळी आलीय. वहिनी खूप हसल्या.

आणखी एक. चंद्रावरून उजेड सव्वा सेकंदात येतो, रोहिणीवरून यायला साधारण ६५ वर्षं लागतात. आज जो दिसला तो दादाच्या जन्माच्या आसपास निघालेला. शेजारी दिसतात ते आपल्या डोळ्यांना.

निर्णय: चंद्र कृत्तिकांपाशीच काढायचा, आज दिसला तसा. रोहिणीला एकटीला लाल कटदाणा, तिच्या जागी, तिच्या तेजात. ती कुणाची लाडकी आहे हे पटावर कळणार नाही.

९ नोव्हेंबर

किकलीला जाऊन आलो. चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याचं गाव, भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, उभे आहेत. मला त्यांच्या माथ्यावरचे चंद्र-सूर्य उतरवून घ्यायचे होते. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाला लढाई आणि पडलेला वीर, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला घेऊन निघाल्यात, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि सगळ्यात वर चंद्रकोर आणि सूर्याची चकती. जोवर हे दोघे आहेत तोवर याची कीर्ती. जुन्या दानलेखांतही हेच, जमीन दिली ती आचंद्रार्क. दगडातली कोर किती जाड, किती ठाम असते! आमच्या टिकल्यांची कोर तिच्यापुढे नाजूक वाटते. मी कागद लावून घासून ठसे घेतले नाहीत, दगडाला त्रास नको. नुसती रेखाटनं केली.

येताना रस्त्यातल्या एका देवळाच्या आवारात सतीशिळा दिसली. कोपरात वाकलेला हात, हातात बांगड्या, आणि वर तेच चंद्र-सूर्य. मुग्धा तिच्यासमोर बराच वेळ उभी होती. घरी आल्यावर तिनं सांगून टाकलं, हे दोघे माझ्या पटावर नकोत. वहिनींचा जीव खालीवर. चंद्र-सूर्याशिवाय मंगलकार्य? रांगोळीत असतात, देव्हाऱ्यात असतात, रुखवतात नसतील तर लोक काय म्हणतील? दोघींमध्ये दोन दिवस अबोला चालेल असं दिसतंय. मी मध्ये पडलेली नाही. खरं सांगायचं तर मला दोघींचंही पटतं. त्या शिळेवरचा सूर्य बघून माझ्याही पोटात कालवलं, पण त्यात सूर्याचा काय दोष?

१६ नोव्हेंबर

पहाटे पाचला पुन्हा चार भिंती. या दिवसांत सप्तर्षी मध्यरात्र उलटल्यावर उगवतात. ईशान्येला उभे होते, जरा तिरके. खाली पोवई नाक्याचे दिवे, तरी वर काळोख पुरेसा.

शोधायची रीत जुनीच. आधी मोठा, ठळक तारा दाखवायचा, नजर तिथे ठरली की शेजारचा बारका. वेदान्तात याला स्थूलारुंधती न्याय म्हणतात. शेपटीतला मधला तो वसिष्ठ, त्याला चिकटून अरुंधती. वसिष्ठ तिच्या पाचेक पट तेजस्वी दिसतो. दोघांत अंतर चंद्रबिंबाच्या निम्म्याहून कमी. मुग्धाला लगेच दिसली, मला चष्मा पुसून. दादाला दिसेना. अरुंधती दिसली नाही तर माणसाचा काळ जवळ आला, असं जुन्या ग्रंथांत लिहिलंय हे त्याला पक्कं ठाऊक. "मग आता मृत्युंजयाचा जप सांगू की मोतीबिंदू काढून घेऊ?" वहिनींनी सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतलीय.

लग्नात ध्रुव आणि अरुंधती दाखवतात ते नवरीला उद्देशून: ध्रुवासारखी स्थिर राहा, अरुंधतीसारखी पतिव्रता. नवऱ्यानं कुणासारखं व्हायचं ते सांगितलेलं नाही. अलीकडे फोनवर दुसरंच फिरतं, की हे दोन तारे एकमेकांभोवती सारखेच फिरतात आणि पूर्वजांना ते माहीत होतं, म्हणून ही समानतेची जोडी. ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात प्रकरण जास्त गर्दीचं आहे. दुर्बिणीतून एकट्या वसिष्ठाचेच दोन तारे दिसतात, वर्णपटात पाहिलं तर त्यातला प्रत्येक पुन्हा जोडतारा निघतो. पहिल्या जोडीचा शोध १८८९ साली लागला. अरुंधतीचा मंद सोबती २००९ मध्ये सापडला. सहा जणांचं कुटुंब झालं. अरुंधतीला वसिष्ठाभोवती फेरी घालायची झाली तरी लाखो वर्षं लागतील. पण ती सगळी एकाच दिशेनं, एकाच वेगानं चाललीत हे नक्की. सात ऋषींपैकी मधले पाचही याच जथ्यातले. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र वेगळ्या वाटेचे, आपल्याला रांगेत दिसतात इतकंच.

हे कळल्यावर मुग्धाचा अरुंधतीवरचा राग गेला. "फेऱ्या नकोत, एका दिशेनं जाणं पुरे." नवरदेवाला तिनं तिथूनच फोन लावला. तो कराडला साखरझोपेत. काय कळलं असेल कोण जाणे, हो हो म्हणाला.

मापं: पटावर सप्तर्षी साठ सेंटीमीटर लांब घेतले तर वसिष्ठ-अरुंधतीत जेमतेम पाच मिलिमीटर येतात. पाच जणांना रुपेरी जर, क्रतू आणि मरीचीला पांढरा रेशीम दोरा. लांबून फरक कळणार नाही, जवळ जाणाऱ्याला कळेल.

२२ नोव्हेंबर

औंधला, श्री भवानी संग्रहालयात. रात्र कशी रंगवतात ते पाहायला गेले होते. लघुचित्रांत अंधार माणसांवर पडतच नाही. आभाळ गडद, वर चंद्र, आणि खाली नायिका दिवसाउजेडी असावी तशी स्वच्छ. चांदण्यात निघालेली अभिसारिका पांढऱ्या वस्त्रात, काळोख्या रात्रीची निळ्या-काळ्या, म्हणजे आभाळ तिला लपवायला मदत करतं. कविपरंपरेत आभाळ इतकं कामाला लावलेलं दुसरीकडे क्वचितच. माझ्या कामापुरतं शिकले ते असं: काळ्या कापडावर आणखी अंधार दाखवायला जायचं नाही. उजेडाचे ठिपके कमी ठेवायचे.

१२ डिसेंबर

खाका पाडून झाला. हे काम रेश्माचं. ती आमच्या आळीत ब्लाउजांवर आरीवर्क करते, हात असा की बघत राहावं. बटर पेपरवर माझं चित्र, त्याला सुईनं बारीक भोकं, वरून खडूची पूड रॉकेलात कालवून फडक्यानं फिरवली की काळ्या कापडावर सगळं आभाळ उमटतं. रॉकेल मिळवताना निनादची निम्मी सकाळ गेली.

चौकटीवर कापड ताणलं आणि रेश्मानं विचारलं, "मॅडम, शुक्र कुठाय? प्रेमाचं आहे ना सगळं?" शुक्रतारा म्हटलं की सगळ्यांना तेच गाणं आठवतं. पण शुक्र सध्या आभाळात दिसतच नाही. ६ जानेवारीला तो बरोबर सूर्याच्या पलीकडे असणार. गुरुजींनी जानेवारीचे मुहूर्त टाळले तेही याच अस्तापायी. वहिनी म्हणाल्या, ज्याच्यासाठी लग्न थांबलं तोच रुखवतात नाही, असं कसं? रेश्मानं तोड काढली. मधल्या सूर्याच्या बरोबर मागे, कापडाच्या उलट बाजूला, एक चंदेरी टिकली लावली. वर अस्तर येणार. आम्हा चौघींनाच ठाऊक.

३ जानेवारी २०२६

आज रात्री पृथ्वी सूर्याच्या वर्षातल्या सगळ्यात जवळच्या जागी, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैत ती १५ कोटी २१ लाखांवर जाते. पन्नास लाखांचा हा फरक कवितेतल्या पृथ्वीला केवढा वाटत असेल! पटावर तीस सेंटीमीटरच्या वर्तुळात सूर्य मध्यापासून फक्त अडीच मिलिमीटर सरकवावा लागला. कक्षा एका अखंड जरीच्या दोऱ्यात, कुठे गाठ नाही. धूमकेतूच्या केसांना रेश्मानं पिंजलेलं रेशीम लावलंय, तो भलताच देखणा झालाय. पृथ्वीनं फेरविचार करावा इतका.

१४ जानेवारी, संक्रांत

वाणवशात काम बंद. वहिनी आणि मुग्धा यांच्यातला चंद्र-सूर्याचा तंटा मात्र मिटला, तोही माझ्याशिवाय. दादा संध्याकाळी नेहमीप्रमाणे पसायदान म्हणत होता. 'चंद्रमे जे अलांछन, मार्तंड जे तापहीन' या ओळीवर मुग्धा आतून बाहेर आली. डाग नसलेले चंद्र आणि न भाजणारे सूर्य, असे सज्जन सगळ्यांचे सोयरे होवोत. "हे दोघे चालतील," म्हणाली. "हे साक्षीदार नाहीत, सोयरे आहेत." वहिनींना कोपऱ्यात चंद्र-सूर्य मिळाल्याशी कारण. किकलीच्या दगडातली जाड कोर डाव्या कोपऱ्यात, उजवीकडे किरण नसलेली सूर्याची चकती. भाऊबिजेचा चंद्रही यातच आला असं मी धरते. सोयऱ्यांत भाऊ आलाच.

८ फेब्रुवारी

अस्तर लावून झालं. चंद्रकळेचा शाबूत राहिलेला काठ चारही बाजूंनी फिरवला. वर लाकडी दांडी, तिला कड्या.

१ मार्च

लग्न पार पडलं. मुहूर्त भर दुपारचा. गुरुजी म्हणाले, अरुंधती मनात बघा. मुग्धानं रुखवताच्या टेबलामागे टांगलेल्या पटाकडे बोट केलं आणि गुरुजींनी चष्मा वर करून खरोखर शोधली, पाच मिलिमीटरवरची. मोतीबिंदू काढलेल्या दादानं त्यांना रीत सांगितली, आधी मोठा तारा बघा म्हणून.

मुलाकडच्या बायकांनी 'चंद्र रोहिणीपासून लांब का?' हे निदान तिघींनी विचारलं. वहिनींनी प्रत्येकीला साडेअठरा वर्षांचा फेरा हातवारे करून समजावला. कराडच्या एका मावशींना असाच पट लेकीसाठी हवाय. रेश्मानं दर सांगितला, ठेवायचा तेवढा ठेवूनच, आणि त्यांनी घासाघीस केली नाही. बटर पेपर मी तिला देऊन टाकला. चंद्र कुठे ठेवायचा ते त्या लेकीला विचारून घे म्हटलं. क्रतू आणि मरीचीचा दोरा मात्र वेगळाच राहील.